लांब पल्ल्याची ट्रायथलॉन : पहाटे तीनपासून शिट्टी होईपर्यंत

गिरणाकाठ

मंडळी, आपल्या खान्देशातली काही मुलं यंदा गोव्याला ११३ किलोमीटरच्या ट्रायथलॉनला चालली आहेत. समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल, मग २१.१ किमी धावणं. सरावाबद्दल आपल्या या मंचावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्या दिवशीच्या पहाटेबद्दल लिहायचंय, कारण माझी पहिली स्पर्धा पहाटेच हातातून गेली होती.

मी भडगाव तालुक्यातला. पोहायला शिकलो आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. मोठेपणी तरणतलावात दोन किलोमीटर सहज व्हायचं. त्या भरवशावर पहिल्या वर्षी गेलो. पहाटे उशिरा उठलो. सायकलजवळ पोहोचलो तर चाकात हवा कमी, पंप मागून घेण्यात वेळ गेला. मग संडासच्या रांगेत पंचवीस मिनिटं. वाळूवर पोहोचलो तेव्हा लोक रांगेने पाण्यात उतरत होते, मीही घुसलो. अंगाला पाण्याचा थेंब लागलेला नाही, छाती आधीच धडधडतेय, आणि पुढे मागे सगळे माझ्यापेक्षा वेगात पोहणारे. दीडशे मीटरवर श्वास अडकला. हात-पाय चालत होते, पण हवा आत जाईना. कयाक (मदतीला उभी असलेली छोटी होडी) धरून थांबलो, परत निघालो, परत थांबलो. सहाशे मीटरच्या आसपास मला बोटीत घेतलं. सायकल रॅकवर तशीच उभी होती. ती परत आणायला गेलो तेव्हा शेजारच्या सगळ्या जागा रिकाम्या होत्या.

पुढच्या वर्षी सराव जवळपास तेवढाच होता. पहाट मात्र वेगळी केली, आणि स्पर्धा पूर्ण झाली.

केलं ते असं. रात्री साडेआठला झोपलो. झोप लागली नाही, पण पडून राहिलो. त्या रात्री कुणालाच झोप लागत नाही, तिचं मनावर घेऊ नये. आदल्या दोन रात्रींची झोप खरी उपयोगाची. तीनला उठलो. मंडळी, आपण खान्देशातले शेतकरी लोक. पंपाची थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीला आली की दोनला उठून केळीला पाणी द्यायला जातो. पहाटे तीनला उठून कामाला लागणं हे शहरातल्या माणसाला जेवढं जड जातं तेवढं आपल्याला जात नाही. मी त्या दिवशी मोटर चालू करायला उठतोय असंच धरून उठलो. चप्पल, बॅटरी, पाणी, चल.

सव्वातीनला खाणं. चारला बाहेर. साडेचारला सायकलजवळ. पाच-सव्वापाचला तिथलं सगळं आटोपून मोकळा. आणि मग समुद्राकडे, सगळ्यांच्या आधी. पायाच्या घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग तोंड बुडवून. परवानगी होती तेवढ्या भागात दहा मिनिटं हळूहळू पोहलो. पहिल्या दोन मिनिटांत तोच श्वास अडकला जो आदल्या वर्षी अडकला होता. पण या वेळी शर्यत सुरू झालेली नव्हती. उभा राहिलो, थांबलो, परत तोंड घातलं. तिसऱ्यांदा सुटला. तो श्वास अडकणारच होता. तो किनाऱ्याजवळ अडकून मोकळा झाला, एवढाच फरक.

ज्यांना काही विचारायचंय त्यांनी विचारा. माहीत आहे ते सांगतो.

यावलची पहाट

जिभाऊ, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी जाणाऱ्यांपैकी एक. सायकल आणि धावणं यांची चिंता नाही. चोपडा-यावल रस्त्यावर केळीच्या बागांमधून शंभर-शंभर किलोमीटर झालेत. समुद्र मात्र मी आयुष्यात दोनदा पाहिलाय.

विचारायचं असं की सव्वातीनला खायचं काय? हॉटेलात त्या वेळी काही मिळणार नाही. आई म्हणते कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून देते. आणि एक, आदल्या रात्री सगळे मिळून शेवभाजी खायला जायचं म्हणताहेत.

गिरणाकाठ

भो, शेवभाजी स्पर्धा झाल्यावर. पोटभर. आदल्या रात्री अजिबात नाही. तिखट, तेल आणि मसाला पहाटे काय करतो ते संडासच्या रांगेत कळतं. कळण्याची भाकरी आपली जीव की प्राण, पण तिच्यात उडीद आहे, कोंडा आहे, ती पोटात रेंगाळते. रोजच्या कामाला तेच चांगलं असतं, त्या पहाटे ते नको.

आईला सांग दशम्या दे. गव्हाच्या पिठाच्या, दुधात मळलेल्या, आत गूळ. त्या दोन-तीन दिवस टिकतात, प्रवासासाठीच आपल्या बायांनी काढलेला पदार्थ आहे तो. मी दीड दशमी आणि तीन केळी खाल्ली. माझं वजन ६५ किलो. किलोमागे साधारण दोन ग्रॅम कर्बोदकं धरली तर १३० ग्रॅम होतात. एका मध्यम केळ्यात पंचवीस-सत्तावीस ग्रॅम असतात, बाकीचं दशमी आणि गुळातून. हे सगळं पाण्यात उतरायच्या तीन तास आधी. मग शेवटच्या तासात फक्त घोट घोट पाणी.

केळी इथूनच घेऊन जा. तिथेही मिळतात, पण तुझ्या पोटाला जी सवय आहे तीच बरी. निघताना निम्मी पिवळी घे, रविवारपर्यंत बरोबर पिकतात. आणि हे सगळं इथे सरावाच्या दिवशी पहाटे सव्वातीनला खाऊन बघ, किमान चार वेळा. तिथे पहिल्यांदा काहीच करायचं नाही.

पांझरेकाठची डॉक्टर

धाग्यातला पोहण्याचा भाग सगळ्यांनी दोनदा वाचावा. यामागचं कारण लिहिते.

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना अभ्यासल्या गेल्या. एकूण १३५. त्यातल्या ९० पोहताना झालेल्या. सायकल आणि धावणं मिळूनही तेवढ्या नाहीत. बहुतेक पुरुष, सरासरी वय चाळिशीच्या पुढचं. पुष्कळांच्या हृदयात आधीपासून दोष होता आणि तो माहीत नव्हता. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने नाव नोंदवायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी ही माझी हात जोडून विनंती आहे.

पाण्यात शिरल्याबरोबर, भीतीने आणि गर्दीने, श्वास जलद आणि उथळ होतो. माणूस हवा आत घेत राहतो, बाहेर सोडतच नाही. छाती भरलेली असते आणि तरी गुदमरल्यासारखं वाटतं. हवा मिळत नाही असं वाटलं तर आधी बाहेर सोडा, पूर्ण. मग उताणे व्हा. कयाक किंवा बोट धरायला नियमाने परवानगी असते, तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही एवढंच. त्यात कमीपणा काही नाही. पण खोकल्यातून फेस किंवा गुलाबीसर थुंकी येत असेल, तर ती भीती नाही, फुप्फुसात पाणी साठतंय. लगेच हात वर करा आणि बाहेर या. अशा वेळी पुढे पोहत राहायचं नाही.

अजून दोन गोष्टी. पहाटे गुडघा दुखेल या भीतीने वेदनाशामक गोळी घेऊ नका. उन्हात, घामात, पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. आणि ‘गोव्यात उकाडा आहे’ म्हणून पहाटे दोन-दोन लिटर साधं पाणी पिऊ नका. रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि तो त्रास तहानेपेक्षा वाईट. ओआरएसची पुडी पुरते. एका लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, अर्ध्या पाण्यात दाट करू नका.

सातपुडा सायकल

सायकलीबद्दल मी सांगतो, कारण भडगावच्या भावाचा वेळ हवेपायी गेला आणि ते वाचून वाईट वाटलं.

सायकल आदल्या दिवशी दुपारी रॅकवर लावावी लागते आणि रात्रभर तिथेच राहते. दुपारच्या उन्हात ट्यूबमधली हवा तापते. पहाटे २५ अंशाला हवेच्या दाबाचा काटा ८० पीएसआय दाखवणारं चाक ५० अंशाला ८८ च्या आसपास जातं. एवढ्याने चांगलं टायर फुटत नाही. पण आधीच शंभर-सव्वाशे भरून ठेवलं, वर टायर जुनं, तर दुपारी फटकन आवाज येतो. आपण जळगाव-भुसावळचे, मे महिन्यात ४५ अंश बघणारे, आपल्याला हे शिकवायची गरज नाही. आदल्या दिवशी निम्मी हवा ठेवा आणि पहाटे भरा. त्यासाठी पंप स्वतःचा न्या, चार जणांत एक. मागून घेण्यावर विसंबू नका.

हवा भरली की पुढचं-मागचं चाक हाताने फिरवून बघा, ब्रेक कुठे घासतो का. रात्री शेजारच्याची सायकल आपल्यावर टेकलेली असू शकते. गिअर हलका ठेवा, पाण्यातून आल्यावर पायात जोर नसतो. बाटल्या पहाटेच लावा. बूट, हेल्मेट, चष्मा हे कुठे ठेवलंय ते डोळे मिटून एकदा हाताने चाचपा. आणि आपली रांग लक्षात ठेवा. हजार सायकली सारख्याच दिसतात. मी पाण्याकडून चालत येऊन आपल्या सायकलीपर्यंत पोहोचायचा रस्ता पहाटे दोनदा प्रत्यक्ष चालून बघतो. कुठलं झाड, कुठला खांब, तिथून कितवी रांग.

वेळ मोजायची चिप डाव्या घोट्याला बांधा. उजवीकडे साखळी असते.

भुसावळ जंक्शन

प्रवासाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. भुसावळहून गोवा एक्सप्रेस थेट मडगावला जाते. सायकल खोक्यात भरून न्यायची तर पॅडल आणि मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून वेगळे गुंडाळा. स्पर्धेच्या किमान दोन दिवस आधी पोहोचा. आदल्या दिवशी पोहोचणाऱ्याची पहाट प्रवासाच्या थकव्यातच जाते.

निळी टोपी

बायकांपैकी कुणी जाणार असेल तर सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाळीची तारीख जवळ असेल तर कप किंवा टॅम्पॉन सरावातच वापरून बघा, तिथे पहिल्यांदा नाही. गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलायची असेल तर डॉक्टरांना दोन महिने आधी विचारा. ट्रायसूट (तिन्ही प्रकारांत अंगात राहणारा घट्ट पोशाख) एकसंध असेल तर संडासात तो पूर्ण उतरवावा लागतो, अंधारात, ओल्या जमिनीवर. मी दोन तुकड्यांचा घेते. पाच वाजता रांग लहान असते, पावणेसहाला मोठी. घरून निघताना एकदा आणि पोहोचल्या पोहोचल्या एकदा, असं ठरवूनच जाते. कागद आणि डोक्याला लावायची छोटी बॅटरी सोबत. मानेला, काखेत आणि ट्रायसूटची शिवण जिथे घासते तिथे व्हॅसलिन भरपूर लावा, नाहीतर खाऱ्या पाण्याने सोललेल्या मानेला पुढे दिवसभर ऊन लागतं. मात्र तो हात गॉगलच्या काचेला लागू देऊ नका.

गॉगलवरून आठवलं. मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. जाताना सूर्य पाठीशी असतो, किनाऱ्याकडे परत येताना थेट डोळ्यांत. काळसर काचेचा गॉगल न्या आणि एक जादाचा. किनाऱ्यावरची एखादी उंच इमारत किंवा झाड पहाटेच हेरून ठेवा. परत येताना बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसला नाही तरी ते दिसतं.

मीठभाकर

कॉफीचं काय? मी ऐकलंय की त्या पहाटे कॉफी घेऊच नये, छाती जास्त धडधडते.

गिरणाकाठ

याबाबत माझं मत वेगळं आहे. रोज घेणाऱ्याने त्या दिवशी सोडली तर डोकं दुखतं, आणि पोटही साफ होत नाही. मी रोजच्यासारखा अर्धा कप चहाच घेतला. जो घेत नाही त्याने मित्राने दिली म्हणून घेऊ नये. डॉक्टर ताई, चूक असेल तर सांगा.

पांझरेकाठची डॉक्टर

बरोबर आहे. ज्याला भीतीचा श्वास लागतो त्याने नेहमीच्या मापापेक्षा जास्त घेऊ नये, इतकंच.

सतरा तास

मी पूर्ण अंतराची केली आहे, मलेशियात लंगकावीला. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं, एकूण २२६. त्यासाठी सतरा तास असतात. ११३ वाल्यांनीही हे वाचावं, पहाट सारखीच असते.

तिथे सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे सगळी तयारी मिट्ट काळोखात. हजारो माणसं, आणि तरी शांत. पंपांचा फस-फस आवाज, चालण्याचा आवाज, कुणीतरी हळू आवाजात फोनवर घरी बोलतंय. माझ्या शेजारी एक साठी ओलांडलेले गृहस्थ मांडी घालून डोळे मिटून बसले होते. भाषा एकमेकांची येत नव्हती. त्यांनी आपल्या व्हॅसलिनची डबी माझ्यापुढे केली, मी त्यांना राजगिऱ्याचा लाडू दिला. तेवढंच.

हवाईतल्या ओआहू बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ ला ही पूर्ण अंतराची शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा सुरुवातीला १५ जण होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. पहिला आला त्याला ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद लागले. त्यांना पुढे काय वाढून ठेवलंय हे कुणी सांगणारं नव्हतं. आपल्याला निदान हा धागा आहे.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. उतरताना आपल्या अंदाजाच्या वेळेच्या गटात उभे राहा. आता बहुतेक ठिकाणी सगळे एकदम उतरत नाहीत, काही सेकंदांच्या अंतराने थोडे थोडे सोडतात, आणि तुमची वेळ तुम्ही रेघ ओलांडल्यावर सुरू होते. म्हणून मागे उभं राहिल्याने वेळ वाया जात नाही. पन्नास मिनिटं लागणाऱ्याने पस्तीसच्या गटात उभं राहायचं, म्हणजे वेगवान लोकांच्या पायाखाली जायचं. भडगावच्या भावाचं पहिल्या वर्षी हेच झालं असणार.

गिरणाकाठ

हेच झालं. घाईत जिथे जागा दिसली तिथे शिरलो होतो.

तिच्या डब्यासाठी

मी कधी पोहले नाही, सायकलही चालवत नाही. माझे यजमान जातात आणि मी किनाऱ्यावर उभी असते. दोनदा उभी राहिले आहे. घरच्यांच्या बाजूने कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

पहाटे आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त बोलावंसं वाटतं. ‘घेतलं का हे, घेतलं का ते’ मी पहिल्या वर्षी इतकं विचारलं की ते चिडले, मग मलाच रडू आलं. आता आदल्या रात्री यादी एकत्र वाचतो आणि पहाटे मी काहीच विचारत नाही. त्यांच्यासोबत चालते. पिशवी धरते. चप्पल, टॉवेल आणि फोन मी घेते. भेटायची जागा रात्रीच ठरवून ठेवते, कारण एकदा ते आत गेले की परत दिसत नाहीत.

आणि मग सगळ्या टोप्या सारख्या दिसायला लागतात. ते चाळीस-पन्नास मिनिटं कसे जातात ते शब्दांत सांगता येणार नाही. पाण्यात दूरवर ठिपके, आणि त्यातला एक आपला. मी रामरक्षा म्हणते. शेजारच्या बाई तमिळ होत्या, त्या त्यांचं काहीतरी म्हणत होत्या. आमचे दोघींचे एकमेकींचे हात धरलेले होते, आणि ते कधी धरले आठवत नाही.

यावलच्या दादा, सोबत कोण येतंय? एकटे जाऊ नका.

यावलची पहाट

ताई, बायको येतेय. तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती काही बोलली नाही, पण पिशवीची यादी करायला बसली.

खरं सांगायचं तर सगळ्यांचं वाचून समजतंय, पण तोंड पाण्यात घातलं की माझा श्वास अजून अडकतो. गेले दोन रविवार धरणाच्या फुगवट्यात गेलो, परवानगी काढून, सोबत बोट ठेवून आणि कमरेला फुगा बांधून. पाण्याखाली काहीच दिसत नाही तिथे जीव घाबरतो. तरणतलावात खालची रेघ दिसते, तिथे काही होत नाही.

विहीरवाले आबा

पोरा, मन्ही नातीनी हाई वाची दाखाडं, तीच टाइप करी ऱ्हायनी.

(नात लिहितेय : पुढचं आबा अहिराणीत सांगताहेत, मी नेहमीच्या मराठीत लिहिते.)

आबांनी आमच्या गावातल्या चाळीस-पन्नास मुलांना विहिरीत पोहायला शिकवलं. ते म्हणतात, विहिरीचा तळ कुणालाच दिसत नाही. पाणी काळं असतं, वर पाहिलं तर आभाळाचा एक गोल तुकडा. तळ बघायला जाणारं पोर घाबरायचं. म्हणून ते मुलांना पायरीवर बसवून पाण्यात नाकापर्यंत तोंड घालून ‘हूं’ म्हणायला लावायचे. लांब, गाणं म्हटल्यासारखं. ‘हूं’ म्हणताना हवा आपोआप बाहेर जाते, आणि कान त्या आवाजाकडे लागतात, तळाकडे लागत नाहीत. आवाज संपला की मान वळवून श्वास. परत ‘हूं’. दोन दिवस पायरीवर, मग डबा बांधून, मग डब्याशिवाय.

आणि आबा म्हणतात, समुद्राचं पाणी खारं, ते विहिरीच्या पाण्यापेक्षा माणसाला वर उचलतं. विहिरीत तरंगणारा समुद्रात सुखाने तरंगतो. ‘पाणीमा उतरानं, घाबरानं नही.’

पांझरेकाठची डॉक्टर

आबांना नमस्कार सांगा. मी वर चार ओळींत जे लिहिलं ते त्यांनी एका अक्षरात सांगितलं.

सातपुडा सायकल

काल सरावात ‘हूं’ करून बघितलं. शंभर मीटरनंतर श्वासाची लय लागली, ती शेवटपर्यंत राहिली. माझं बारा वर्षांचं पोहणं आहे, तरी हे नवीन होतं.

यावलची पहाट

रविवार. पहाटेचे ३:२०.

झोप लागली नाही, पडून राहिलो. दीड दशमी आणि तीन केळी खाल्ली. आईने दशम्यांच्या डब्यात चिमूटभर अंगाऱ्याची पुडी ठेवली होती, ती कपाळाला लावली. पंप घेतलाय.

यावलची पहाट

५:३५. सायकल झाली. हवा ८०. रस्ता दोनदा चालून आलो, सातवी रांग, विजेच्या खांबापासून उजवीकडे. आता वाळूवर आहे. पाण्यात जाऊन आलो. पहिल्यांदा अडकला. दुसऱ्यांदाही अडकला. मग गुडघाभर पाण्यात बसलो आणि आबांनी सांगितलं तसं केलं, आजूबाजूला लोक होते तरी मोठ्याने केलं. चौथ्यांदा सलग पन्नासेक हात मारले.

पन्नास मिनिटांच्या गटात उभा राहतोय. उजाडायला लागलंय. फोन हिच्याकडे देतो.

तिच्या डब्यासाठी

वहिनी, फोन तुमच्याकडे असेल तर एवढंच सांगते, शेजारी जी कुणी उभी असेल तिच्याशी बोला.

गिरणाकाठ

आज आमच्याकडे पहाटेची पाळी होती. मोटर चालू आहे, केळीला पाणी लागलंय, मी बांधावर बसलोय. फोन हातातच आहे.